पाळीचा ताप

मँचेस्टर
१७ जानेवारी १९९९, रविवार

अक्का,

तुला मधूचा नमस्कार. गुडघा वाकत नाही म्हणून खुर्चीत बसूनच केला आहे, तसाच पोचता करून घे.

इकडे सगळे मजेत. थंडीचं काय सांगू. दुपारचा चहा होईतो अंधार पडायला लागतो, मग समोरच्या घरातली म्हातारी पडदे ओढून घेते आणि मला हात करते. मी पण हात करते आणि आपले पडदे ओढते. तीन वर्षांत आमची एवढीच ओळख. पण एक दिवस ती दिसली नाही तर मला जेवण जात नाही.

अक्षर वाकडं आलंय ते चालवून घे. दुसरीतून शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर वाकडंच असायचं, पण आज हातही जरा हलतोय. का ते खाली येईल. आधी आनंदाची बातमी.

आपली शिल्पा डॉक्टर होणार. तिच्या बापासारखी, आपल्या राजीवसारखी, हाडं जोडणारी नव्हे, औषधं देणारीही नव्हे. ती हिवतापाच्या किड्यावर शिकते आहे. किड्यावर म्हणजे अख्ख्या किड्यावर पण नाही, त्याच्या अंगावर जे कातडं असतं त्याच्यावर. त्या कातड्यातलाही एवढासा तुकडा. मी म्हटलं, अगं चार वर्षं झाली, एका तुकड्यावर किती शिकशील? तर हसते आणि म्हणते, "आजी, यू हॅव नो आयडिया."

तर मी म्हटलं, मग मला दाखव. मागच्या महिन्यात ती मला ट्रॅमने तिच्या शाळेत घेऊन गेली. शाळा म्हणजे आभाळाएवढी इमारत. तिथे एका खोलीत काचेच्या चपट्या बाटल्या आडव्या ठेवलेल्या, त्यात पातळ लाल पाणी. ते पाणी म्हणजे माणसाचं रक्त, अक्का. रक्तपेढीतलं, जुनं झालेलं, कोणाला चढवता न येणारं. त्यावर ते किडे राहतात. रविवारी सुद्धा शिल्पा त्यांना खायला घालायला जाते. सुनीतीला आधी वाटलं पोरगी कोणा मुलाला भेटायला जाते. दोन महिने सुनीती चेहरा पाडून होती, आणि पोरगी किड्यांना जेवू घालत होती.

मग तिने मला एक काळा चष्मा दिला आणि टीव्हीसमोर बसवलं. चष्मा घातला तशी टीव्हीतून ती वस्तू बाहेर आली आणि माझ्या नाकासमोर हवेत तरंगायला लागली. वेणीच्या फिती कशा गुंडाळून ठेवतो तशी, दोन गुंडाळ्या एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये पिवळ्या गाठी. तिने काहीतरी दाबलं की ती आपोआप वळायची. पाठ दाखवायची, पुन्हा पोट दाखवायची. मी हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही. मी विचारलं, हा अंगरखा दिसतो, पण आतला कुठे आहे? तर शिल्पा म्हणाली आतला नसतोच इथे, नुसता अंगरखाच काढून पाहायचा असतो. कोणी नाही आणि अंगरखा वळतोय. मला जरा कसंसंच झालं, पण मी तिला म्हटलं छान आहे गं, शेवयांसारखं आहे. पोरीला केवढा आनंद झाला.

तिने मला समजेल असं सगळं सांगितलं. तो किडा रक्तातल्या लाल कणाच्या दाराशी येतो तेव्हा अंगावर एक मोठा घोळदार अंगरखा असतो. आत शिरताना तो अंगरखा दाराबाहेरच टाकतो. त्याच्या खालच्या टोकाची एवढीशी गाठ तेवढी अंगावर ठेवून आत जातो. शिल्पाचं सगळं शिक्षण त्या गाठीचं. वरचा अंगरखा गावागावाला वेगळा, आपलं रक्त त्याला ओळखायला जातं आणि फसतं. पण ती गाठ फारशी बदलत नाही. ती नीट ओळखता आली तर लस होईल म्हणे, आणि जगातली लाख लाख लेकरं वाचतील. माझी नात करते आहे हे काम. बेळगावात सगळ्यांना सांग.

आता हाताचं. हसू नको.

गेल्या आठवड्यात राजीव आणि सुनीती कार्डिफला सुनीतीच्या भावाकडे गेले होते. घरात मी आणि शिल्पा. दुपारी मला हुडहुडी भरली म्हणून तीन पांघरुणं घेऊन पडले होते. शिल्पा आली, आजी तू का झोपलास म्हणून विचारलं. तिचं मराठी तुला माहीत आहे, कोण बाई कोण बुवा ते तिला कळत नाही. मी म्हटलं, काही नाही गं, आज पाळी आहे.

ती पांढरी पडली. "आजी, तुला अजून पाळी येतो?"

मी म्हटलं, लहानपणी यायची, मधली सगळी वर्षं नव्हती, आता पुन्हा सुरू झाली. दोन दिवस सोडून येते. तिने लगेच फोन केला. दवाखान्यातल्या बाईंनी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, आणि तिथे मला टेबलावर झोपवून माझे पाय वर बांधले. मला वाटलं या देशात ताप असाच बघत असतील. मोठ्या डॉक्टरीणबाई फार गोड, माझ्या पायांवर आपली शाल घातली. शिल्पा मध्ये उभी राहून माझं त्यांना आणि त्यांचं मला सांगत होती. मला विचारते, "आजी, रक्त किती जातो?" मी म्हटलं, रक्त कुठे जातंय, ते आतच उकळतंय. ते तिने तसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या कपाळाला हात लावला आणि माझे पाय सोडायला सांगितले. मग शिल्पाने कार्डिफला फोन करून राजीवला विचारलं, आजी पाळी पाळी म्हणते म्हणजे काय. राजीवने ओळखलं, मी पाळीच्या तापाचं म्हणते आहे, दिवस धरून येणाऱ्या हिवतापाचं, आणि तो पोट धरून हसला. फोनमधून मला ऐकू येत होतं. मग एकदम हसायचा थांबला. म्हणाला, शिल्पा, तिच्या बोटातून रक्त घ्यायला सांग, आत्ताच्या आत्ता.

तर रक्त दिलंय. उद्या कळेल. तू काळजी करू नको, ताप नसतो त्या दोन दिवसांत मी ठणठणीत असते, काल पुरणपोळ्या केल्या. फक्त एक आहे, तापाच्या आधी थोडा वेळ असं वाटतं की खोलीत कोणी आलंय. पायाशी उभं आहे. तुला त्या रानातल्या घराचं काय काय आठवतं गं? आत्याचं आठवतं का? असू दे, उगाच विचारलं.

समोरची म्हातारी पडदे ओढते आहे. उठते.

तुझी मधू


मँचेस्टर
२४ जानेवारी १९९९, रविवार

अक्का,

हे पत्र टपालाने टाकत नाही. सुनीतीची मैत्रीण सीमा उद्या बेळगावला निघाली आहे, आईला बघायला, दोन आठवड्यांत परत येणार. तिच्या हाती देते आहे. ती परत निघेल तेव्हा उत्तर तिच्याच हाती दे, तुझ्या लेकाच्या, अजयच्या हाती नको. फोनवर विचारलं असतं. पण फोन अजयच्या दुकानात, तिथे चार गिऱ्हाइकं उभी असतात आणि ही गोष्ट ओरडून विचारायची नाही.

आधी हे ऐक. माझ्या रक्तात हिवताप निघाला. तोच, आपल्या घरातला.

मी खोटं सांगत नाही. उष्ण देशातल्या रोगांचे एक डॉक्टर आहेत, उंच, लाजाळू, त्यांनी मला विचारलं की आजी, तुम्ही रानात शेवटच्या कधी होता? मी म्हटलं परकरात होते तेव्हा. ते म्हणाले नाही, अलीकडे, मागल्या वर्षी वगैरे? राजीवने सांगितलं की आई आधी पुण्यात होती, मग इथे, रान तिने लहानपणी सोडलं. तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. चौथ्या दिवशी येणाऱ्या तापाचा किडा असतो, तो असा बसतो म्हणे. अंगात गुपचूप, चाळीस वर्षं, पन्नास वर्षं, माणसाला पत्ता नाही. राजीवने सांधेदुखीला त्या गोळ्या दिल्या होत्या ना, त्यांनी अंगातली राखण सैल पडली आणि तो उठला.

शिल्पाने मला यंत्रातून दाखवला. अगं, फूल आहे. मध्ये तपकिरी ठिपका आणि भोवती पाकळ्या, शेवंतीचं एवढंसं फूल, माझ्या रक्तात. दुसऱ्या एका कणाला आडवा पट्टा होता, मुलीच्या कमरेला बांधतात तसा. मी डोळा काढीना तिथून. शिल्पा म्हणाली आजी रडू नको. मी रडत नव्हते, मला आनंद झाला होता. खानापूरच्या पलीकडचं ते घर पडलं, बाबा गेले, आई गेली, आत्या गेली, जंगलखात्याने तिथे सागवान लावलं. आणि त्या घरातलं काहीतरी जिवंत होतं, आणि ते मी इतकी वर्षं घेऊन हिंडत होते. लग्नात होतं, राजीवच्या वेळी होतं, विमानात होतं. तिकीट न काढता आलं बघ.

शिल्पालाही आनंद. तिच्या बाटलीतला किडा वेगळ्या जातीचा, तो माणूस मारतो. माझा हा छळतो पण सहसा मारत नाही. दोघांचे अंगरखे वेगळे, पण खालची गाठ बहुतेक एकाच तऱ्हेची, ती ताडून बघायची आहे. गोळ्या सुरू व्हायच्या आत हॉस्पिटलने तिला माझ्या रक्ताची एक नळी दिली. ती थंड पेटीत ठेवायची. नळीवर माणसाचं नाव लिहीत नाहीत, एक अक्षर लिहितात. मला विचारते, आजी, कुठला अक्षर टाकू? मी म्हटलं थांब.

गोळ्या मी घेत नाही, अक्का.

राजीव स्वतः हातावर देतो आणि पाणी पिईपर्यंत उभा राहतो. मी गालात धरते, तो वळला की निऱ्यांत खोचते. कडू जहर आहेत, आपल्या कोयनेलसारख्याच. त्याला कळेना ताप का उतरत नाही. काल त्या लाजाळू डॉक्टरांशी फोनवर बोलत होता, आवाज खाली करून, म्हणजे मला कळू नये म्हणून. हृदय थकलंय म्हणाला, आणखी किती हुडहुड्या ती सोसेल. पोराचं तोंड एवढंसं झालंय. मी वाईट करते आहे, मला कळतं. पण मला आधी तुझ्याकडून एक पाहिजे, आणि ते गोळ्या घेण्याआधी पाहिजे, कारण गोळ्या घेतल्या की ती जाईल.

ती म्हणजे कोण ते तुला माहीत आहे.

तापाच्या दिवशी दुपारी मी पडते. घरात कोणी नसतं. घर ऊबदार ठेवणाऱ्या नळ्यांमधलं गरम पाणी टक टक करत असतं, बाहेर उजेड असतो. मग पायाशी ती येते. तोंड दिसत नाही, परकर दिसतो, खणाचा, जांभळा. परकर आपला आपण वळतो, पाठ आणि पोट, पाठ आणि पोट, शिल्पाच्या टीव्हीतल्यासारखा. आणि हाक येते. आधी मला नाव नीट ऐकू येत नव्हतं. परवा आलं.

"गोदू."

अगदी जवळून. आणि माझ्या जिभेवर ओ आली होती, अक्का. मी तोंडावर हात दाबून धरला. मी मधू आहे ना, मग माझ्या जिभेवर ओ का यावी?

आता मी सगळं लिहिते, चुकलं तर तू सुधार. आपल्या घरात याविषयी कोणी कधी बोललं नाही, आणि मी पाच वर्षांची होते, तू दहा.

आम्ही जुळ्या. तिऱ्हाईताला ओळखू येत नव्हतो म्हणून आईने मधूला तांबडा परकर शिवला आणि गोदूला जांभळा. त्या पावसाळ्यात दोघींना पाळीचा ताप लागला. बाबा कोयनेल आणायचे, ते पुरायचं नाही. मग आत्या म्हणाली की ताप चुकवायचा. ताप माणसाला नावावरून आणि कपड्यावरून ओळखतो. म्हणून पाळीच्या दिवशी सूर्य उगवायच्या आत ती आमचे परकर बदलायची. मधूच्या अंगावर जांभळा, गोदूच्या अंगावर तांबडा. आणि घरातल्या सगळ्यांना ताकीद असायची, जांभळीला गोदू म्हणायचं आणि तांबडीला मधू म्हणायचं, सूर्य बुडेपर्यंत. आई चुकली तर आत्या तिलाही रागवायची. सूर्य बुडाला की परत बदलायचे. आम्हाला तो खेळच वाटायचा. कधी कधी आम्ही दोघी पाळी नसतानाही आपल्या आपण बदलायचो आणि आईला फसवायचो.

मग तो दिवस. मी अंगणात फणसाखाली तुझ्याबरोबर होते. माझ्या अंगावर तांबडा परकर होता, ते पक्कं आठवतं, त्याच्यावर फणसाचा चीक पडला होता आणि तू राख लावून काढत होतीस. घरातून आत्याच्या हाका येत होत्या, गोदू, गोदू, गोदू. मग थांबल्या. उजेड होता. सूर्य बुडाला नव्हता.

त्यानंतर जांभळा परकर मी पाहिला नाही. आणि मला सगळे मधू म्हणायला लागले. म्हणजे म्हणतच राहिले.

अक्का, मी तांबड्या परकरात होते. पण मी मधू होते म्हणून होते, का त्या दिवशी बदलाबदल झाली होती म्हणून होते? तो पाळीचा दिवस होता का? त्या सकाळी आत्याने आमचे परकर बदलले होते का नव्हते? एवढंच सांग. मला आठवत नाही. इतक्या वेळा बदलले की माझं मलाच कळेनासं झालं होतं.

आईने त्यानंतर मला कधी नावाने हाक मारली नाही. "अगं" म्हणायची. "इकडे ये गं." लग्नात तांदळात सुलक्षणा लिहिलं तेव्हा तिने पहिल्यांदा सगळ्यांदेखत मोठ्याने हाक मारली, सुलक्षणा म्हणून, आणि रडायला लागली. सगळे म्हणाले मुलगी चालली म्हणून रडते.

बरोबर हळदीकुंकवाची डबी आणि तुला दोन लोकरी मोजे पाठवते आहे. मोजे अजयला देऊ नको, तुझे पाय गार पडतात.

सीमा सज्जन आहे, पण पत्र तिच्यासमोर उघडू नको.

मधू


मँचेस्टर
२१ फेब्रुवारी १९९९, रविवार

अक्का,

सीमा आली. तुझं पत्र पोचलं. पोहे आणि कुंदाही पोचला, कुंदा राजीवने एकट्याने संपवला.

पत्र कसलं, चार ओळी. मी न्हाणीघरात कडी लावून वाचल्या. तू लिहिलंस, "आधी सगळ्या गोळ्या गीळ. ताप पुरता गेला असं राजीवने स्वतःच्या हाताने लिहून कळवलं की मग सांगेन. तोवर त्या दोन नावांतलं एकही तोंडात आणू नको आणि हाकेला ओ देऊ नको. मी तुला मधूच म्हणणार."

मला आधी राग आला. सत्तरी ओलांडलेली बहीण मी, मला असं कोंडतेस. मग मी टबाच्या काठावर बसले आणि पुन्हा वाचलं.

मी जर मधूच असते तर तू घाबरली नसतीस. नाही बदलले होते, तू मधूच आहेस वेडे, असं लिहून मोकळी झाली असतीस. त्यात लपवण्यासारखं काय होतं? तू नाव लिहिलं नाहीस तिथेच मला कळलं. आणि हेही कळलं की तू म्हातारी झालीस, अजयला नातू झाला, तरी अजून सूर्य बुडायची वाट बघत बसली आहेस. इतकी वर्षं प्रत्येक पत्रावर चि. मधूस, चि. मधूस लिहीत आलीस ते त्या तापाला चुकवायला. आई पण त्यासाठीच अगं म्हणायची. खरं नाव घेतलं तर त्याने ऐकलं असतं. आणि दुसरं नाव घेणं तिला जमत नव्हतं.

मला तुमच्यावर रागवायचं होतं, पण रागच येईना.

त्याच दिवशी शिल्पाने मला पकडलं. निऱ्यांतून गोळी पडली आणि घरंगळत तिच्या पायाशी गेली. ती खाली बसली, माझे हात धरले, आणि आजी का, एवढंच विचारलं. मी तिला सगळं सांगितलं. तिला किती कळलं देवाला ठाऊक, बदलाबदल म्हणजे स्वॉप का, असं दोनदा विचारलं. मग म्हणाली, आजी, औषध घेतलास तर ती जाणार नाही, किडा जाणार. ती किडा नव्हती. मी म्हटलं, बाळ, तू शिकलेली आहेस, पण ती किडाही होती. दोघी एका अंथरुणावर निजायचो, डास एकच होता.

शिल्पा म्हणाली, "मग मी काय करू?"

मी म्हटलं, नळीवर अक्षर लिहायचं राहिलंय ना, तिथे म लिही. तिने इंग्रजीतला एम लिहिला. तिला वाटलं माझ्या माहेरच्या नावाचा आहे. तसं वाटू दे. मधूचं नाव मी इतकी वर्षं अंगावर वागवलं, ते उतरवून ठेवायला मला जागा पाहिजे होती. ती आता त्या थंड पेटीत आहे, बर्फाहून गार, तिथे काही वाढत नाही आणि काही मरत नाही. माझी नात तिची गाठ सोडवून बघणार आहे. परक्या माणसाने बघण्यापेक्षा बरं.

मग मी गोळ्या घेतल्या. सगळ्या, राजीवसमोर, तोंड उघडून दाखवून. त्याला काही सांगितलेलं नाही. त्याला वाटतं आता औषध लागू पडलं. बरोबर त्याची चिठ्ठी जोडली आहे, तू मागितलीस तशी. त्याला विचारलं तर म्हणाला, मावशीला डॉक्टरचं सर्टिफिकेट कशाला पाहिजे? मी म्हटलं लिही मुकाट्याने.

पाळीचा दिवस आला तेव्हा मी सकाळपासून न्हाऊन बसले. अंथरुणावर पडलेच नाही. जांभळी साडी नेसले, सुनीतीकडून मागून घेतली, ती म्हणाली आई आज काय विशेष. सगळे कामाला गेले. मी खुर्ची खोलीच्या मधोमध ओढली आणि म्हटलं, ये. मी कोण ते मला कळलंय, तुला कळलं तरी चालेल.

दुपार झाली. नळ्या टक टक करत होत्या. रस्त्याने दुधाची गाडी गेली, पोरं शाळेतून आली. हुडहुडी भरली नाही. पायाशी कोणी उभं राहिलं नाही. मी वाट बघत होते, अक्का, तुला खरं सांगते, माहेरच्या माणसाची बघावी तशी बघत होते. अंधार पडला तरी दिवा लावायचं मला सुचलं नाही. सुनीती आली आणि तिने लावला. खोलीत मी एकटी होते. इतकी एकटी मी कधीच नव्हते हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतरच्या पाळ्याही चुकल्या. रक्त दोनदा तपासलं, फूल नाही, पट्टा नाही. लाजाळू डॉक्टर म्हणाले आजी, तुम्ही स्वच्छ झालात.

मी बरी आहे. भूक लागते. काल दोन भाकऱ्या खाल्ल्या. शिल्पा रोज येऊन बसते, मराठी शिकवायला सांगते. पाळी शब्दाचे सगळे अर्थ तिने पाठ केले, तरी अजून तो पाळी म्हणते.

आता तुझी अट मी पुरी केली. पण तू लिहू नको. लिहिलेलं मला वाचायचं नाही, ते मी वाचलंच आहे. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी राजीव तुला फोन लावील. त्या दिवशी अजयला दुकान लवकर बंद करायला सांग आणि त्याला बाहेर उभं कर. फोन मीच उचलून धरीन. कोण बोलतंय विचारू नको, कशी आहेस विचारू नको. नुसती हाक मार, फणसाखाली मारायचीस तशी, लांबवून.

पाच वर्षांची होते तेव्हापासून त्या नावाने मला जिवंत माणसाने हाक मारलेली नाही. ओ येते का बघू, आणि आली तर कोणाच्या आवाजात येते ते आपण दोघी ऐकू.

तुझी
गोदू